डावं-उजवं

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींची बदली इकडेच झाली हे वाचून मी प्रयोगशाळेत इतक्या मोठ्यांदा हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या हळूच बाजूला सरकवल्या. सगळ्या शहराचं पाणी तपासणाऱ्या माणसाने असं हिंदकळू नये, असं त्यांचं मत आहे.

आता कामाचं. मी जिथे घर बघतेय तिथे, त्याच नव्या इमारतीत, तुमच्यासाठीही घर आहे. घरं दोन तऱ्हेची आहेत, नकाशा सोबत पाठवतेय. क्षेत्रफळ सारखंच, फक्त भिंती वेगळ्या ठिकाणी. एक मोठ्या हॉलचं. ते चौथ्या मजल्यावर आहे, आत शिरलं की सगळं मोकळं. दुसरं दुसऱ्या मजल्यावर. त्यात हॉल लहान, पण झोपायच्या खोलीशिवाय आणखी एक छोटी खोली, दार असलेली. तिच्यासाठी एक बोळ करावा लागलाय आणि त्यात बरीच जागा फुकट गेली आहे. शिवाय न्हाणीघराच्या नळाचा पाइप त्या छोट्या खोलीच्या भिंतीतून गेलाय. मी बघायला गेले तेव्हा शेजारच्या घरात कामगाराने तोटी उघडली आणि भिंत चक्क खाकरली. या घराचा हा सर्वांत मोठा दोष.

मी खूप विचार केला. तुझं पाळणाघर आहे, मुलांना रांगायला मोकळी जमीन हवी, म्हणून तू मोठा हॉल घ्यावास. मी खोलीचं घर घेते. आई आयुष्यभर स्वयंपाकघरात गादी टाकून झोपली. प्रत्येक बाईला आतून लावता येईल असं एक दार मिळालंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ते दार तिला मी देईन. इतकी वर्षं ती तुझ्याकडे आहे, आता माझी पाळी.

आईला नमस्कार. तुझा लोभ त्या हॉलएवढा ऐसपैस असू दे.

तुझी,
बिट्टी


२० फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, आणि नकाशाही पोचला. नकाशा एकदा वाचला, तुला मात्र दोनदा वाचलं. ऐसपैस हॉल मला, आणि आई तुला. वाटणी करणाऱ्याने आधी आपला घास बाजूला काढावा, तसं झालं हे. ह्यांना दाखवलं तर हे म्हणाले की मेहुणीने पदवी पाण्याची घेतली की वकिलीची, ते एकदा विचारून घे.

आणि पाळी कसली गं? आई म्हणजे काय सार्वजनिक नळ आहे, हंडे लावून रांगेत उभं राहायला? तू नोकरीत दिवसभर पाण्यात पाहतेस हे ठाऊक होतं. बहिणीलाही पाहतेस, हे आता कळलं.

रागावू नकोस. पण माझंही ऐकून घे. मुलं पाळण्यात निजली की मी दुपारी आईशी दोन शब्द बोलायला बसते, आणि ती तुझ्याबद्दल बोलते. बिट्टी जेवते का, बिट्टी दमते का. तुझा तो काळ्या डगल्यातला पदवीचा फोटो तिच्या उशाशी आहे. रोज पदराने पुसते. माझ्या लग्नाचा फोटो ट्रंकेत तळाशी आहे, डांबरगोळ्यांच्या सोबतीला. तिच्यासाठी स्वयंपाकघरात मी रोज गादी टाकते आणि तिच्या उशाशी राहतेस तू. तेव्हा कोण कोणाकडे आहे, याचा एकदा नीट विचार कर.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. डावा कान आता अगदीच गेलाय, म्हणून उजवीकडे बसून. खोलीचं तिने सगळं ऐकून घेतलं. तुझ्याकडे जाडसर पांघरूण आहे का, एवढंच विचारलं.

आम्हीही खोलीचंच घर घेणार. तीन-चार मुलं कमी घेईन, पण आईचं दार माझ्याही घरात असेल. दुसऱ्या मजल्यावर आणखी एक आहे का, बघ.

काटकसर पाण्यात कर, लोभात नको.

तुझी,
ताई


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाण्यात पाहण्याचा विनोद माझ्या साहेबांना सांगितला. ते हसले. मी नाही.

तू म्हणतेस ते पटलं नाही, पण समजलं. दुसऱ्या मजल्यावर खोलीची दोन घरं उरली आहेत आणि ती जोडीची आहेत. दारं शेजारी शेजारी, मध्ये एकच भिंत. छोट्या खोल्याही त्याच भिंतीच्या दोन अंगांना. एक डावं घर, एक उजवं. विक्रीच्या कचेरीतल्या कारकुनाकडे नकाशा मात्र एकाच घराचा, डाव्याचा. उजव्याचा मागितला तर म्हणाले की मॅडम, तेच आहे, फक्त उलटं.

मग मी कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर धरला. उजेडात रेघा मागून स्वच्छ दिसल्या. तुझं घर मी असं पाठमोरं पाहिलं, ताई, तासभर. तुझ्या ओट्याची लांबी, तुझ्या बोळाची रुंदी. खरं सांगायचं तर तुझ्याकडे काही जास्त आहे का, तेच शोधत होते. नाही सापडलं. दिशा दाखवणारा बाणही पाहिला. दोन्ही स्वयंपाकघरांना मावळतीचं ऊन येणार, म्हणजे संध्याकाळी दोघींनीही सारखंच तापायचं.

तेव्हा आपल्यात डावं-उजवं करण्यासारखं काही उरलंच नाही. मला याचा फार आनंद झाला. दोन बहिणींची घरं तंतोतंत सारखी असणं ही एक प्रकारची न्यायाची गोष्ट आहे. नकाशा डाव्याचा हाती आहे म्हणून मी डावं घेते. तू उजवं घे. कबूल असेल तर लगेच कळव, पुढच्या आठवड्यात सही करायची आहे.

लोभ भिंतीच्या दोन्ही अंगांना सारखाच असावा.

तुझी,
बिट्टी


१२ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

कबूल. उजवा हात जेवायचा, तेव्हा उजवं घर आम्हाला चालेल. तासभर माझा ओटा मोजत बसलीस, त्यापेक्षा तेवढ्या वेळात स्वतःसाठी दोन भाज्या शिकली असतीस.

आता राहिली खरी गोष्ट. खोल्या दोन आणि आई एक. मी ओढणार नाही, तूही ओढू नकोस. घरं तयार झाली की ती दोन्ही बघेल आणि तिचं ती सांगेल. आपल्यात तिने कधी डावं-उजवं केलं नाही. आठवतं ना, साबणाची वडीसुद्धा सुरीने कापायची नाही. दोऱ्याने कापायची, कुणाचा तुकडा मोठा होऊ नये म्हणून. तरी तू दोन्ही तुकडे उजेडात धरून बघायचीस.

लोभ सुलटा धर की पालथा, तेवढाच भरेल.

तुझी,
ताई


१७ नोव्हेंबर
शेजारच्या दारातून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठवडाभर मी तुझ्याशी बोललेले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आलं नसेल, तर तेही मनात ठेवीन. तोंडाने बोलायला गेले तर रडेन आणि तू पाठीवरून हात फिरवशील, म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवतेय.

त्या सकाळी आई घरं बघायला आली तेव्हा आपण आधी माझ्याकडे गेलो. स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला. मग तुझ्याकडे गेलो, आणि तुझा ओटा उन्हाने भरलेला. माझं काय चुकलं ते तेव्हा कळलं. मी कागद पालथा केला तेव्हा त्यावरचा बाणही पालथा झाला, पूर्व पश्चिमेच्या जागी जाऊन बसली. घर उलटतं गं, सूर्य उलटत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, आणि काचेवर धरलेल्या कागदात सूर्य शोधला.

आता तुला सकाळचं कोवळं ऊन, आणि मी संध्याकाळी कामावरून आले की माझी भिंत तव्यासारखी तापलेली. हे तू केलेलं नाहीस, ठाऊक आहे. ते आणखी वाईट. तू केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं.

पण ऊन राहू दे. आई तुझ्या ओट्यापाशी उभी राहिली, डोळे मिटून. मग म्हणाली की मी थोरलीकडेच राहते. तू लगेच तिची पिशवी आत नेलीस. इतकी घाई कशाला होती?

माझ्या छोट्या खोलीत पलंग घातलाय. जाडसर पांघरूण घेतलंय, तिने विचारलं होतं म्हणून. दाराला आतून कडी बसवून घेतली, हात पोचेल अशी जरा खाली. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसते. पलीकडून तुझी मुलं ऐकू येतात, आईचं खोकणं ऐकू येतं, काल ती कशाला तरी हसली. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. तू काय बोललीस की ती इतकी हसली, ते मला कळायला हवं होतं, पण विचारणार कोणाला?

मला फक्त एकच सांग. उन्हासाठी तुझ्याकडे राहिली, की तुझ्यासाठी?

लोभ असावा असं लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिते.

तुझी,
बिट्टी


१८ नोव्हेंबर
तुझ्याच भिंतीपलीकडून

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पाळणाघरातल्या एका रांगत्या पोराला आधी सापडलं. एक कोपरा त्याने चघळला, बाकीचं मी वाचलं.

ऊन म्हणशील तर ते आईच्या खोलीत येतच नाही, स्वयंपाकघरात येतं, आणि तिथे दिवसभर मी असते. माझ्याकडे का राहिली, ते मीही विचारलं. म्हणाली की थोरलीकडे पोरं सांभाळायला एक हात कमी पडतो. म्हणजे मी कामाची, लाडाची नव्हे. हे ऐकून मला काय वाटलं असेल, ते तूच ठरव. हसली ती तुझ्यावरच. तू लहानपणी साबणाचे तुकडे उजेडात धरायचीस, ते मी सांगत होते.

आता नीट ऐक. तिचा पलंग मी खिडकीखाली घातला होता, वारा लागावा म्हणून. दुसऱ्याच दिवशी तिने ह्यांना सांगून तो ओढून घेतला, मधल्या भिंतीला, उशी तुझ्या बाजूला. मी म्हटलं तिथे पाइप आहे, खाकरतो, तुला त्रास होईल. ती म्हणाली, म्हणूनच.

तू घरी येतेस, हातपाय धुवायला तोटी उघडतेस, आणि आमची भिंत खाकरते. तोवर आई ताटावर बसत नाही. मुलांचे आईबाप येऊन जातात, ह्यांची भूक खवळते, मी दोनदा हाक मारते, तरी ही भिंतीला डोकं लावून आडवी. डाव्या कुशीवर, म्हणजे बहिरा कान उशीत आणि चांगला उजवा कान वर. पाइप वाजला की म्हणते, आली. मगच उठते. तुला एक दिवस उशीर झाला तर माझी आमटी तीनदा गरम झाली.

भिंतीलाही कान असतात म्हणतात. आपल्या भिंतीला एकच आहे, आणि तो तुझ्या बाजूला लागलेला. माझ्या घरात राहते, माझ्या हातचं जेवते, आणि कान तुझ्याकडे. कूस माझ्या वाट्याला डावी आली, कान तुझ्या वाट्याला उजवा. दोऱ्याने साबण कापणाऱ्या बाईने जन्मात एकदाच डावं-उजवं केलं, आणि तेसुद्धा तुझ्या बाजूने.

तेव्हा आता जळायची पाळी माझी. तू जरा विश्रांती घे.

रविवारी जेवायला ये. लोभ पाइपातून पोचत असेलच.

तुझी,
ताई


१९ नोव्हेंबर
शेजारच्या दारातून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी येते. आमटी एकदाच गरम कर.

पाणी वाया घालवणं माझ्या तत्त्वात बसत नाही, हे तुला ठाऊक आहे. शाळाशाळांतून मी मुलांना तेच सांगत फिरते. तरी आज आल्यावर चपला काढायच्या आधी तोटी उघडली. खाली बादली ठेवली होती, झाडांना होईल. मग छोट्या खोलीत जाऊन उभी राहिले. पलीकडे पलंग करकरला, आणि आई म्हणाली, आली.

मग मी परत गेले आणि तोटी पुन्हा एकदा उघडली. या वेळी तुला ऐकू जावी म्हणून.

तुझी,
बिट्टी