आत्या, तुझ्या शोकसभेत मी काय बोलले

प्रिय आत्या,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पण लहानपणी माझी वेणी तूच घालायचीस, म्हणून राहू दे.

आज कुंभकोणमच्या कॉलेजात तुझी शोकसभा झाली. तिथे काय घडलं ते तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहितेय.

तुझ्या फोटोला पहिला हार कोणी घातला, माहीत आहे? त्याच सरांनी! “मॅडम आम्हां सर्वांची आई होत्या,” म्हणत डोळेही टिपले.

आई! मी दुसऱ्या वर्षाला असताना याच माणसानं प्रयोगशाळेचं दार आतून लावून माझ्यावर हात टाकला होता. बस पकडून मी थेट दारासुरमला तुझ्या घरी आले. तू चिंच कोळत होतीस. सगळं ऐकलंस, हात धुतलेस आणि माझ्याशी तमिळमध्ये बोलायला लागलीस. घरात आपण कधी तमिळ बोललो होतो का गं? तेव्हाच कळलं, आता समोर आत्या नाही, प्रिन्सिपल आहे.

चौकशी समितीची अध्यक्षही तूच. “एकटी का गेलीस? ओरडली का नाहीस? ओढणी होती का?” हे मला तू विचारलंस, तू!

निकाल काय? सरांना तोंडी समज, आणि मुलींना पाचनंतर प्रयोगशाळा बंद. बाबांना म्हणालीस, “अण्णा, कुंभकोणमात आपली मराठी घरं मोजकी. पोरीचं लग्न व्हायचंय.” बाबांनी मान डोलावली. मी कॉलेज सोडलं. सर विभागप्रमुख झाले.

तू आजारी पडलीस तेव्हा मी दवाखान्यात येत होते. वाटायचं, आज काहीतरी म्हणशील. तू विचारायचीस, “रसम गाळून आणलंस ना?” बस, एवढंच. इतकं जड होतं का गं ते?

आज संस्थेचे सचिव म्हणाले, “घरच्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोला.” मी उठले. सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्येच सांगितलं, की या सरांनी माझ्यावर हात टाकला, आणि फोटोतल्या या बाईंनी ते दाबलं. कुणीतरी माइक बंद केला. मी तशीच मोठ्यानं बोलत राहिले.

“खाली बस! मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात?” बाबा ओरडले.

तू जिवंत होतीस तेव्हा तरी कुठे बोलू दिलंत मला?

बाहेर सायकल स्टँडजवळ हॉस्टेलची एक मुलगी थांबली होती. “अक्का, मलाही... त्याच सरांनी,” म्हणाली. मग माझा हात धरून तिनं सगळं सांगितलं. गेल्या महिन्यातली गोष्ट आहे, आत्या. तू त्याला समज दिली होतीस ना?

मला तुझ्यासाठी रडू आलं नाही. तिच्यासाठी आलं.

आता वचन देते ते ऐक. उद्या सकाळी मी तिला घेऊन महिला पोलीस ठाण्यात जाणार आहे. तिच्या तक्रारीसोबत माझीही देणार. तेव्हा समितीवर कोण होतं, असं ते विचारतील. मी तुझं नाव सांगेन. आणि तू माझी कोण लागतेस, तेही.

तुझी भाची,
सुधा