आधी आपल्या डोक्याला नमस्कार

बाबा, तुम्ही दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारालाही सॉरी म्हणायचात, हे मी परवा माझ्या लेकीला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "डोअरला? व्हाय?" लंडनमध्ये कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात काउंटरमागे तुमची सगळी नोकरी गेली, लोक येऊन ओरडायचे आणि तुम्ही मान खाली घालून ऐकायचात, त्याची सवय लागली असेल. किंवा ती आधीपासूनच असेल, कारण दर रविवारी नाशिकहून काकांचा फोन आला की तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहायचात. थोरले भाऊ, त्यांचा शब्द शिरसावंद्य. आई हसून म्हणायची, "अहो, बसा तरी, त्यांना दिसत नाही इथून." तुम्ही तिला गप्प राहायची खूण करायचात आणि उभेच.

मग आई गेली. मी कार्डिफला हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात, आणि लंडनच्या इल्फर्ड भागातल्या घरात तुम्ही एकटे. शेजारच्या आंटींशी आपली ओळख तोवर फक्त कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना हॅलो म्हणण्यापुरती. त्या नायजेरियाच्या, इबादान शहरातल्या, योरुबा समाजाच्या. हाय रोडवर त्यांचं केस विंचरण्या-गुंफण्याचं सलॉन होतं. आई गेल्यावर त्यांनी मोठा वाडगा भरून लाल तिखट भात पाठवला. तुम्ही त्यात चमच्याने शोधाशोध केलीत, मासा सापडला, आणि वाडगा घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलात, "सॉरी मॅडम, आय ॲम व्हेजिटेरियन." त्या एवढ्या मोठ्याने हसल्या म्हणे, की समोरच्या घराची खिडकी उघडली. "मग आत या ब्रदर, आणि कांदा चिरा. माशाशिवाय कसा होतो ते आज दोघं मिळून बघू." त्या दिवसापासून रविवारी तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा चिरायला जायला लागलात.

मी संध्याकाळी फोन करून जेवलात का विचारायचे, आणि तुम्ही जेवणाचं सोडून त्या स्वयंपाकघरातल्या गप्पाच सांगायचात. एकदा म्हणालात, "अगं, आज त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यावर आधी नमस्कार कोणाला करता? म्हटलं, देवाला. तर म्हणाल्या, आणि त्याच्याही आधी?" मग तुम्ही मला समजावून सांगितलंत. त्यांच्यात डोक्याला ओरी म्हणतात. वरून दिसतं ते, आणि आतलं एक, न दिसणारं. जन्माला यायच्या आधी प्रत्येक जण आपलं ओरी स्वतः निवडून घेतो आणि ते घेऊनच पृथ्वीवर उतरतो. तेच माणसाचं सगळ्यात जवळचं दैवत. बाकीच्या देवांनी कितीही देऊ केलं, तरी आपल्या ओरीने हो म्हटल्याशिवाय ते आपल्यापर्यंत पोचत नाही. आंटी रविवारी चर्चला जायच्या, पण आजीने शिकवलेलं त्यांनी सोडलं नव्हतं: रोज सकाळी, कोणाशी बोलायच्या आत, ओला तळवा टाळूवर ठेवायचा आणि स्वतःच्या डोक्याशी बोलायचं. "मला म्हणाल्या, ब्रदर, इतकं छान गुळगुळीत डोकं दिलंय तुम्हाला, आणि तुम्ही ते दिवसभर जमिनीला दाखवत फिरता!" हे सांगताना तुम्हाला हसू आवरत नव्हतं. मग थोडं थांबून म्हणालात, "जन्मभर दुसऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवलं गं. डोक्याच्याच पाया पडावं, हे कधी सुचलं नाही."

त्यानंतरच्या एका शनिवारी मी इल्फर्डला आले आहे, सकाळी खाली येते, तर तुम्ही नळापाशी उभे. पायजमा, स्वेटर, डोळे मिटलेले, टक्कलावर ओला तळवा, कानामागून पाणी ओघळतंय, केटल खदखदतेय. तुम्ही पुटपुटताय ते मराठीतच आहे. मी दाराशी थांबून राहते. डोळे उघडून मला बघता आणि दचकून म्हणता, "सॉरी." मी विचारते, "मला म्हणालात की डोक्याला?" तुम्ही लाजता. आपल्या देवघरातल्या गणपतीला तुम्ही नेहमीसारखं फूल वाहिलेलं असतंच; त्याची काही तक्रार दिसत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी काकांचा निर्णय आला. इल्फर्डचं घर विकायचं आणि नाशिकला कायमचं परत यायचं. वरच्या मजल्यावर त्यांनी तुमच्यासाठी खोली तयार केली होती, पंखासुद्धा लावून ठेवला होता. एकटा काय करतोस तिथे परक्या देशात, मी स्वतः न्यायला येतो. तुम्ही उभं राहून "बरं दादा" म्हणालात. काकांचं प्रेम खोटं नव्हतं, म्हणून तर नाही म्हणणं अवघड होतं. मला कळवलंत ते हवामान सांगावं तशा आवाजात. मीही "बरं बाबा" म्हटलं. आपल्या घरात सगळ्यांना तेवढंच येत होतं.

त्याच दिवसांत आंटींचा सत्तरावा वाढदिवस यायचा होता. त्यांच्यात मोठ्या समारंभाला सगळं कुटुंब एकाच कापडाचे कपडे शिवून घेतं, त्याला अशो-एबी म्हणतात, म्हणजे घरच्यांचं कापड. हॉलमध्ये शिरणाऱ्याला नुसतं बघून कळावं की ही सगळी एक माणसं आहेत. मित्रमंडळींसाठी निळं कापड होतं, घरच्यांसाठी मोरपंखी. तुमच्या हातात त्यांनी मोरपंखी ठेवलं. तुम्ही म्हणालात, "मॅडम, काहीतरी चूक झालीय. मी फॅमिलीत कसा?" त्या म्हणाल्या, "माझ्या घरात रडत रडत इतका कांदा कोणी चिरलाय? माझ्या मुलांनी?"

काका आले आणि समारंभाच्या सकाळी त्यांनी हँगरला लावलेला तो लांब झगा पाहिला. "हे काय सोंग आणलंयस? आणि परवा तो घरं विकणारा माणूस येतोय ना? वाढदिवसात जीव कशाला अडकवतोस." समारंभासाठी कार्डिफहून आलेली मी टोस्टला लोणी लावत होते. तुम्ही नळापाशी गेलात. नळ सोडलात, तळवा भिजवलात आणि काकांसमोर, माझ्यासमोर, टाळूवर ठेवलात. काका बघतच राहिले. मग तुम्ही नळ बंद केलात आणि वळलात. तुमची मान सरळ होती.

"दादा, घर विकायचं नाही. मी इथेच राहणार."

"कोणी शिकवलं तुला हे?"

"शिकवलं कोणी नाही. ज्याला विचारायचं त्याला विचारलं."

"वेडबिड लागलंय का तुला?"

"लागलं असेल. चहा घेणार?"

काकांनी चहा घेतला. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

घरी एकट्याने बसण्यापेक्षा बरं, म्हणून ते हॉलवर आले, करड्या सुटात. तिथे ढोल वाजत होते, बायकांच्या डोक्यावर मोरपंखी कापडाचे पंख्यासारखे उंच फेटे होते आणि तुम्ही टोपी उजवीकडे झुकवून मिरवत होतात. ती तशी झुकवली की माणूस लग्नाला मोकळा आहे असं समजतात, हे आंटींच्या बहिणीने तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही ती घाईघाईने सरळ केलीत; सगळं टेबल हसत होतं. आमच्या टेबलावर काका एकटेच करडे. वाटेल तो येऊन त्यांना विचारत होता, "तुम्ही कुठल्या घरचे?" शेवटी आंटीच एक मोरपंखी टोपी घेऊन आल्या. पण लगेच घातली नाही. काकांसमोर थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या डोक्याला हात लावू?" परवानगीशिवाय कोणाच्या डोक्याला हात लावायचा नसतो, त्यांच्यात. नाशिकला ज्यांच्यापुढे सगळं घर वाकायचं, त्या काकांना असं कोणी कधी विचारलं नसेल. ते गोंधळून तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही म्हणालात, "दादा, त्या तुम्हाला विचारतायत. मला नाही." मग त्यांनी मान हलवली, टोपी चढली, आणि थोड्या वेळाने काका टाळ्या वाजवत होते, एकूण एक ठेका चुकवून. त्या दिवशीचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात नुसती डोकी दिसतात; तुम्ही दोघं भाऊ कोणते, हे ओळखायला लेकीला वेळ लागला, इतके तुम्ही त्या मोरपंखी घोळक्यात मिसळून गेलात.

नाशिकची खोली मग काकांच्या नातवाने अभ्यासाला घेतली. तुम्ही शेवटपर्यंत इल्फर्डलाच राहिलात, रविवारचा कांदा शेवटपर्यंत तुमच्याकडेच राहिला, आणि दारांना तुम्ही सॉरी म्हणतच राहिलात. ते काही ओरीच्या हातातलं नव्हतं. आंटी अजून त्याच घरात आहेत. मला फोनवर विचारतात, "ब्रदरची मुलगी, कशी आहेस?" माझं नाव त्यांना चांगलं ठाऊक आहे, पण हाक हीच.

तुमचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे, पण हे कुठे पाठवणार नाही. फक्त एक राहिलंय ते लिहिते. त्या सकाळी काका चहा पीत होते तेव्हा मी कपडे वाळत घालते म्हणून मागच्या बागेत गेले. टोपलीत एकही कपडा नव्हता, बाबा. मला नुसतं नाचायचं होतं.