विहिरीवरची मोजणी

१२ नोव्हेंबर १९६६, कशेळे

बंगला झकास आहे! कौले नवी, व्हरांडा ऐसपैस, समोर कापणी झालेली भाताची खाचरे. सुचेताने आल्या आल्या झोपाळा ताब्यात घेतला. पाचवा महिना लागल्यापासून घरातला प्रत्येक आरामशीर कोपरा तिचा, असा तिचा कायदा आहे.

अणुभट्टीवर हातात पाना घेऊन दहा वर्षे काढली, आता मी प्रशासक. सुचेता म्हणते, गुप्ते इंजिनियर संपले, आता सह्या करणारे रावसाहेब उरले. म्हणो बापडी. नव्या अणुऊर्जा प्रकल्पाला ही जागा योग्य आहे का, एवढेच मी कळवायचे. योग्य ठरली तर प्रकल्पाचा प्रमुख मीच, असे वरून सुचवले गेले आहे. ती खुर्ची मला हवी आहे, उगाच कशाला लपवू.

बंगल्याची देखभाल नामा आणि त्याची बायको येसूबाई करतात. यंत्रे उचलायला गावातला चांगो मिळाला आहे, धिप्पाड आणि सदा हसरा.

१४ नोव्हेंबर

खळ्यावर भात मोजताना पाहिले. नामा पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन. येसूबाईला गावात माणसे किती म्हणून विचारले, तर आकडा न सांगता "पुरी हायेत" म्हणाली. तुमच्या हाती भट्टी दिली तर इंधनाच्या कांड्याही 'पुरी हायेत' म्हणाल, अशी मी थट्टा केली. ती हसली नाही.

१६ नोव्हेंबर

जागेच्या मधोमध एक जुनी विहीर आहे, तोंडावर अवजड शिळा. खालच्या खडकातला किरणोत्सर्ग तपासायचा तर यंत्र आत सोडायलाच हवे. नामा नको नको म्हणत होता. सुचेताही मजा बघायला आली होती.

बंद झाकण उघडण्यापूर्वी हजर माणसे मोठ्याने मोजायची, हा भट्टीवरचा आमचा नियम. पुन्हा बंद करताना आत कुणी राहून जाऊ नये म्हणून. सवय हाडात मुरली आहे. बोट दाखवत मोजले : एक चांगो, दोन नामा, तीन येसूबाई, चार सुचेता. तेवढ्यात सुचेताने पोटावर हात ठेवला, अहो, हे राहिले की! मग पाच ते, आणि सहा मी.

येसूबाईने कपाळावर हात मारून घेतला. "सायेब, हितं येक नाय म्हनायचं. येक म्हनलं का ते म्होरल्याची वाट बगतं."

शिळा सरकवली, यंत्र सोडले. ते सहा वेळा टिकटिकले आणि गप्प झाले. काटा शून्यावर. जागा निर्धोक! तसा अभिप्राय लिहायलाही घेतला.

१७ नोव्हेंबर

यंत्र बंद करून कपाटात ठेवले आहे. जेवताना आतून टिकटिक ऐकू आली. सहा वेळा. सुचेता म्हणाली, पाल असेल.

१८ नोव्हेंबर

चांगो आला नाही, म्हणून त्याच्या घरी गेलो. त्याची आई बायजा अंगणात भात पाखडत होती. चांगो कोण, असे तिने मलाच विचारले. "मला पोर झालंच नाय, सायेब." मागे दोरीवर त्याचा निळा सदरा वाळत होता. तो कुणाचा, हेही तिला सांगता येईना.

शेजारी मात्र त्याला शोधत रानभर फिरताहेत.

कपाटातून टिकटिक. पाच.

२० नोव्हेंबर

नामा नाही. येसूबाई सांगते की बंगल्यावर ती पहिल्यापासून एकटीच आहे. गळ्यातले मंगळसूत्र चाचपत बसली होती. ते कुणी घातले, तिला आठवत नाही.

सुचेताला नामा चांगला आठवतो. मलाही. चांगो शेजाऱ्यांना आठवतो, आईला नाही. म्हणजे ज्याचे माणूस जाते, तोच ते विसरतो.

टिकटिक, चार.

मग सुचेता गेली तर मला—

२१ नोव्हेंबर

गावकऱ्यांना घेऊन शिळा परत बसवली. नव्याने मोजतो, या वेळी 'लाभ' म्हणतो, असे म्हणालो. त्यांनी माझे हात धरले. पुन्हा मोजणे म्हणजे पुन्हा बोलावणे, म्हणाले.

यंत्र आधीच विहिरीत टाकले होते. घरी आलो तर रिकाम्या कपाटातून टिकटिक.

२२ नोव्हेंबर

येसूबाई गेली. चूल पेटलेली, भाकरी तव्यावर करपलेली.

तीन.

ऑफिसची जीप दुरुस्तीला खालापूरला गेली आहे. ती आली की लगेच सुचेताला कर्जत स्टेशनवर— ती घाबरली आहे आणि मला धीर देते आहे. डाव्या हाताने तिचा हात धरला आहे, उजव्याने लिहितो आहे. सोडणार नाही. भीती मला माझीच वाटते. सुचेता. माझी बायको. हसताना नाकाला सुरकुती पडते. झोपाळा तिचा. सुचेता. सुचेता. सु

२३ नोव्हेंबर

प्रसन्न हवा. जीप आली. ड्रायव्हर विचारत होता, बाईसाहेब कुठे आहेत? कुठल्या बाईसाहेब? मी अविवाहित माणूस. तो माझ्याकडे बघत मागे सरकला आणि जीप घेऊन निघूनच गेला.

झोपाळ्यावर अर्धवट विणलेले लोकरीचे टोपडे पडले आहे, एवढेसे. आधीच्या पाहुण्यांचे असावे. मागच्या पानावर एका बाईचे नाव पुन्हा पुन्हा लिहिले आहे. अक्षर माझ्यासारखे.

डाव्या हाताची मूठ वळलेली आहे, उघडत नाही. सारखे रडू येते. कारण सापडत नाही.

टिक.

२४ नोव्हेंबर

अभिप्राय पुरा झाला. जागा योग्य— खाली सही हवी. नाव काय घालायचे—

आरशात एक गृहस्थ आहेत. चेहरा ओळखीचा— कुठे पाहिला—

त्यांना विचारले, घरात माणसे किती. ते म्हणाले, पुरी हा—