उलट्या दिशेचा बाण

काळाचौकी,
जानेवारी १९८३

तीर्थरूप बाबांना सुगंधाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. शेजारच्या पुतळाबाई रोज भाकरी देतात, तेव्हा माझ्या जेवणाची काळजी करू नको असं आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे? कुळीथ कसा आलाय?

काल कॉलेजात एक गंमत झाली. आमच्या भूगोलाच्या सरांनी फळ्यावर नकाशा काढला आणि माणसं पोटापाण्यासाठी कुठून कुठे जातात ते दाखवायला कोकणातून मुंबईकडे मोठा बाण ओढला. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आता बाण उलटा झालाय."

"कशावरून?"

"गिरण्यांचा संप लांबला म्हणून माझे आईबाबा गावी गेले. चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं गेली."

सरांनी खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काढ." मी लालबागपासून आपल्या राजापूरपर्यंत बाण ओढला आणि जागेवर येऊन बसले. मग उगाच रडू आलं, पण कुणाला दिसू दिलं नाही.

भोंगा वाजत नाही, त्यामुळे सकाळी उशिरा जाग येते. आपली खोली एवढी मोठी आहे हे मला माहीतच नव्हतं.

शिक्षण पुरे, गावी ये, असं तुम्ही लिहिलंत. बाबा, गिरणी आता उघडत नाही असं इथे सगळे म्हणतात. मी ऐकून घेते. पण तुम्ही परत आलात तर दाराला कुलूप दिसू नये, म्हणून मी इथेच थांबते.

आईला सांभाळा.

तुमची लेक,
सुगंधा