बांबूखालचा वास

आई, काल सकाळी शेजारचा मुलगा कुंपणाशी आला आणि फार संकोचून तमिळमध्ये म्हणाला, “अण्णा, रागावू नका, तुमच्या कोल्लैत काही मेलंय का?” कोल्लै म्हणजे आपलं परसू. मी त्याला बांबूच्या बेटापाशी नेलं. ऐप्पसीचा, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकातला, पाऊस चार दिवस लागून होता, आणि कुजलेल्या पानांतून अळंबीची ती छत्री वर आली होती. पांढरा, सच्छिद्र दांडा, त्याला विणल्यासारखी जाळीची झालर, आणि डोक्यावर हिरवट काळा चिखल. वास मेलेल्या घुशीचा. तो नाकाला पंचा लावून हसत राहिला. मला हसू येईना. त्याने जितक्या सौम्यपणे विचारलं, त्याच्या अर्ध्यानेही मी त्याच्या बापाला विचारलं नव्हतं.

तुला तो दिवस आठवत असेल. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, नुकताच भांड्यांच्या दुकानात लागलेलो, आणि देवाच्या सोवळ्याचा सगळा भार आपल्याच खांद्यावर आहे असं समजणारा. एकादशी होती. संध्याकाळी आपल्याकडे भजनाला मंडळी येणार होती. तू ओसरीवर बसून तुळशीचे हार गुंफत होतीस, आणि मागून वास येत होता. शेजाऱ्याचं वासरू त्याच आठवड्यात गेलं होतं. मी दोन आणि दोन जोडले. तो नेहमीप्रमाणे नैवेद्याचं दूध घेऊन दारात आला, तेव्हा सगळ्या गल्लीसमोर मी त्याला म्हणालो, “मेलेलं वासरू आमच्या कुंपणालगत पुरता, आणि त्याच हाताने देवाला दूध आणता?” आणि त्याच्या तांब्यातलं, चेंबूतलं दूध गटारात ओतलं. त्याने रिकामा चेंबू उचलला, धोतराने पुसला आणि तो गेला.

तू हार बाजूला ठेवलास. “चल,” एवढंच म्हणालीस. मला दंडाला धरून बांबूखाली नेलंस, आणि मी चिखलात उकिडवा बसलो.

“नाक आहे तुला. डोळे कुठे ठेवलेस?”

तिथे एक छत्री उभी होती आणि शेजारी कोंबडीच्या अंड्यासारखा एक पांढरा गोळा. तू म्हणालीस, तुझ्या माहेरी, पापनाशमकडच्या गावी, बांबूखाली हे नेहमी यायचं. त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं, नाक मात्र सगळे धरायचे. आपण बसून राहिलो. अंडं फाटलं, आतून लिबलिबीत काहीतरी चमकलं, आणि दांडा इतक्या भरभर वर येऊ लागला की मी मागे सरकलो. तासाभरात झालर उतरली. मग माश्या आल्या. त्या चिखलावर बसायच्या, पोटभर खायच्या, पाय बरबटून उडायच्या. “याला सुगंध नाही, मध नाही,” तू म्हणालीस. “ह्याचं बी कोण नेणार? फुलाला भुंगा देणाऱ्यानेच याला माशी दिली. ती जिथे घाण करील, तिथे पुढच्या पावसात हे उगवेल. तुझ्या सोवळ्याला विचारून नाही.” आज माझी लेक हेच पुस्तकातून सांगते, बीजकण वगैरे. मी मान डोलावतो. माझा धडा आधीच झालेला आहे.

मग तू उठलीस. “त्या माणसाने वासरासाठी तीन दिवस धड भात खाल्ला नाही. जा, क्षमा माग, मग भजनाला बस.” मी निघालो. परत येऊन म्हणालो, “जाऊन आलो.” तू माझ्याकडे जरा वेळ पाहिलंस आणि हार पुन्हा हातात घेतलास. दुसऱ्या दिवशी दूध आलं, आणि तेव्हापासून एक दिवस चुकलं नाही. त्या दिवसानंतर गिऱ्हाइकाला, बायकोला, लेकीला काही लावून बोलायच्या आधी मी जागेवर जाऊन बघून येतो. माझ्या हातून जे थोडं बरं झालं असेल, ते त्या चिखलात बसून शिकलो.

काल मुलाच्या मागोमाग मी त्याच्या घरात गेलो. म्हातारा आता खाटेवरच असतो. मी त्याच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं, दुधाचं, वासराचं. ऐकून तो बिनदातांचं हसला. “तंबी, पंचवीस वर्षं लागली कुंपण ओलांडायला? तुझी अम्मा तर त्याच सांजेला आली होती. पदर पसरून उभी राहिली. मी विचारलं, मुलगा कुठेय? म्हणाली, येईल, त्याला सांगू नका मी आले होते. मी म्हटलं, बरं, वाट बघतो.” आणि सुनेला कॉफी टाकायला सांगितली.

म्हणजे तुला ठाऊक होतं. मंडळी येण्याआधी तू हळूच जाऊन आलीस, मग माझ्या शेजारी बसून भजन म्हटलंस, प्रसाद माझ्या हातावर ठेवलास, आणि पुढे जितकी वर्षं होतीस तितकी एका शब्दाने विचारलं नाहीस. हे पत्र कुठे टाकायचं नाही. तरी तुला जे ठाऊक आहे ते माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस, म्हणून लिहितो. त्या संध्याकाळी मी गेलो नव्हतो, आई. फाटकाला हात लावून परत आलो होतो.