शुक्रवारी येणाऱ्या बाईच्या नावे

माझ्या दारावरच्या घंटेने माझ्या घरी येणाऱ्या एका बाईला सरकारच्या हाती दिले. ती घंटा बसवणारा माझा भाचा डेरिल हाच कायद्याने माझा एकुलता वारस ठरतो. म्हणून हे मृत्युपत्र लिहिणे भाग पडले.

मी, ऑर्फा जीन हॉलबर्ग, वय ८१, निवृत्त ग्रंथपाल, राहणार एल्डर क्रीक, मिनेसोटा, हे पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय स्वतः टाइप करत आहे. माझी कंबर मोडली आहे, डोके नाही. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर, आवार आणि बँकेतली शिल्लक विश्वस्त म्हणून ॲड. हेडविग टोलेफसन यांच्याकडे जाईल. दर शुक्रवारी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या बाईसाठी त्यांनी ते सर्व सांभाळावे. तिचे नाव इथे लिहीत नाही. मी मेल्यावर हा कागद कोर्टात जाईल आणि कोणीही रिकामटेकडा तो मागून वाचू शकेल. नाव वेगळ्या विश्वस्तपत्रात, वकीलबाईंच्या तिजोरीत आहे. ती आज या देशात आहे की नाही, हेही लिहीत नाही. शुक्रवार लिहिला, कारण तो सरकारला आधीच ठाऊक आहे.

२. घंटेविषयी. कंबर मोडली तेव्हा डेरिलने दाराला कॅमेऱ्याची घंटा लावली. "आत्या, उठायलाच नको. कोण आलंय ते फोनवर दिसेल." मी हो म्हटले. मार्चमध्ये इमिग्रेशन खात्याचे दोन अधिकारी आले. त्यांच्या हातात माझ्याच पायऱ्यांचे फोटो होते: सतरा शुक्रवार, तीच बाई, मक्याच्या सालीत वाफवलेल्या तमाल्यांचा तोच डबा. तिला माझ्या दारातून नेले. "ऑर्फाबाई, शेगडी बंद करा, चॉकलेटचं दूध उतू जाईल," एवढेच ती म्हणाली.

मी कंपनीला जाब विचारला. उत्तर आले की चित्रे "आपल्या संमतीने" दिली, संमती अटींच्या एकेचाळिसाव्या पानावर आहे. वॉरंट लागलेच नाही.

"ते पान वाचलं होतंस का?" मी डेरिलला विचारले.

"कोण वाचतं, आत्या? आणि ज्यानं काही केलं नाही, त्यानं कशाला घाबरायचं?"

"मग उद्यापासून संडासाचं दार उघडं टाकून बस."

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

१९८८ साली असेच दोघे सरकारी अधिकारी वाचनालयात आले होते. कोणी कोणती पुस्तके नेली, ते त्यांना हवे होते. "जजची सही आणा," मी म्हटले. ते पुन्हा आले नाहीत. पुस्तक परत आले की वाचकाचे नाव आम्ही त्याच दिवशी खोडत असू. एकतीस वर्षे हे सांभाळले, आणि खुर्चीतून उठायचा कंटाळा केला म्हणून घालवले. दोष कंपनीचा, सरकारचा, डेरिलचा. माझाही.

३. डेरिलने अकरा हिवाळे माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ काढला. ते विसरले नाही. माझ्या नवऱ्याची सुतारकामाची हत्यारे, लेथसकट, त्याला द्यावीत. घंटाही त्यालाच, स्क्रूंसकट. त्याने या मृत्युपत्राविरुद्ध दावा लावला तर फक्त घंटा.

४. वाचनालयाला माझे एकही पुस्तक देऊ नये. तिथे कोण काय वाचतो, हे आता बाहेरची कंपनी लक्षात ठेवते. पुस्तके चर्चच्या तळघरातल्या विक्रीला द्यावीत.

५. माझ्या मृत्यूची बातमी वा फोटो इंटरनेटवर टाकू नये. पोस्टकार्डे लिहावीत. पत्ते निळ्या वहीत आहेत. शेवटचे कार्ड टाकले की वही जाळावी.

एल्डर क्रीक, १४ नोव्हेंबर २०२५
(सही) ऑर्फा जीन हॉलबर्ग

आमच्यासमोर सही झाली. बाईंनी आम्हाला आधी अक्षर न् अक्षर वाचायला लावले.
(सही) ग्लॅडिस ओफ्टेडाल, शेजारीण
(सही) मर्विन पेल्की, निवृत्त पोस्टमन

त्याच दिवशी ॲड. टोलेफसन यांच्या हवाली केले:
मृत्युपत्राची मूळ प्रत, पाने तीन.
घराच्या किल्ल्या, दोन.
शुक्रवारच्या बाईचा सध्याचा ठावठिकाणा, तोंडी. साक्षीदार बाहेर थांबले होते. वकीलबाईंनी पेन काढले, ते मी परत ठेवायला लावले. त्यांनी पत्ता तीनदा म्हणून दाखवला. तिसऱ्यांदा चुकला नाही.