अकोल्याच्या खात्यावरचं नाव

अहो,
वरण कुकरमध्येच आहे, गरम करून घ्या.

तुम्ही सही करून दिलेला फॉर्म घेऊन आज अकोल्याचं जुनं खातं बंद करायला गेली होती. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "ताई, नॉमिनी तुमी होत्या, पण मागच्या वर्षी नाव बदललं ना!" आता तिथं तुमच्या दादाच्या पोराचं नाव आहे. तारीख विचारली, तर ईश्वरी झाल्याच्या चौथ्या दिवसाची. मी तेव्हा दवाखान्यातच होती, आणि "पोरीचा जन्मदाखला आणतो" म्हणून तुम्ही निघाले होते.

पोरगी झाली म्हणूनच ना?

खातं बंद केलं नाही. आम्ही दोघी वलगावला आईकडे आहोत. लगेच घ्यायला येऊ नका. बाकीच्या खात्यांवर कोणाचं नाव आहे, ते आधी कळवा.

वृषाली